"सावकाश होऊ द्या, मला घाई नाही"

पाणवठा

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन आता दीड वर्ष झालं. चालणं सावरलं, पण उजव्या हाताची बोटं अजून म्हणावी तशी वळत नाहीत आणि बोलताना शब्द अडतो. याला वाचाघात म्हणतात. समोरचा काय म्हणतोय ते बाबांना नीट कळतं, काय सांगायचं तेही डोक्यात तयार असतं, फक्त नेमका तो शब्द वेळेवर जिभेवर येत नाही. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी बजावून सांगितलंय की त्यांना घरात बसवून ठेवू नका, लहानसहान कामं त्यांची त्यांना करू द्या. म्हणून महिन्याची औषधं आणायला ते स्वतः जातात. मी बरोबर असते, पण दोन पावलं मागे.

गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानात गर्दी होती. बाबांनी चिठ्ठी दिली, औषधं आली, नोटा दिल्या, सुटे परत आले. काउंटर काचेचं. काचेवर सपाट पडलेलं नाणं उचलणं किती अवघड असतं हे दीड वर्षापूर्वी मला माहीत नव्हतं. नखाने त्याची कड वर करावी लागते आणि तेवढा जोर बाबांच्या बोटांत नाही. त्यांनी स्वतःच एक युक्ती शोधलीय. नाणं काचेवरून सरकवत कडेला आणायचं, खाली डावा तळहात धरायचा आणि त्यात पाडायचं. पहिलं नाणं पडलं. दुसरं मध्येच अडलं. मागे सहा-सात माणसं. कुणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला. बाबांची मान ताठ झालेली मला मागून दिसली. मी पुढे होणार तेवढ्यात त्यांच्या लगेच मागे उभा असलेला पंचविशीतला मुलगा म्हणाला, "सावकाश होऊ द्या काका, मला घाई नाही."

त्याने नाणी उचलून दिली नाहीत. एवढं बोलून तो थोडा बाजूला वळला आणि भिंतीवरचा दुकानाच्या वेळांचा फलक वाचायला लागला. पाच-सहा ओळींचा फलक. बाबांची चारही नाणी तळहातात पडेपर्यंत तो तेच वाचत होता. नंतर बाबा वळले, काहीतरी म्हणायला गेले, शब्द आला नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यानेही ठेवला.

तेव्हापासून हेच मनात घोळतंय. मदत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी देणं येतं, पैसे, जागा, पिशवी उचलणं. त्या मुलाने वेळ दिला, आणि त्याहून मोठं म्हणजे नजर बाजूला वळवली. मी मुलगी असून माझ्याकडून ते झालं नसतं. मी पुढे होऊन सगळी नाणी गोळा केली असती, आणि बाबा पुढच्या महिन्यात यायला तयार झाले नसते.

तुम्हाला असं कुणी रांगेत, प्रवासात, कचेरीत भेटलं असेल तर लिहा. कुठली मदत नकोशी झाली तेही लिहा. मला शिकायचंय.

उंबरठा

डोळ्यांत पाणी आलं. बाबांना नमस्कार सांगा.

"मला घाई नाही" या वाक्यावरून आठवलं. मी मानसशास्त्र शिकवते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग दरवर्षी मुलांना सांगते. प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे ४० विद्यार्थी. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींना भाषणाचा विषय दिला होता तो वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या प्रवाशाची बायबलमधली गोष्ट. आणि त्यांच्या वाटेवरच एक माणूस दारात मान टाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता.

ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. वेळेत पोहोचायचं होतं त्यांच्यातले ४५ टक्के. "तुम्हाला उशीर झालाय, पळा" असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. मदतीच्या गोष्टीवर बोलायला निघालेले आणि दुसऱ्या विषयावर बोलायला निघालेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

हे वाचून कुणी म्हणेल की माणसं ढोंगी असतात. मला ते पटत नाही. घाईत माणसाला समोरचं दिसतच नाही. म्हणून मी स्वतःपुरतं ठरवलंय की कामाला निघताना दहा मिनिटं आधी निघायचं. स्वभाव बदलणं कठीण आहे, घड्याळ बदलता येतं.

शब्दशोध

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. घरी कमी, अनोळखी माणसासमोर जास्त, आणि मागे रांग असली की विचारायलाच नको. तिकीट खिडकीवर गावाचं नाव सांगायचं असतं. पहिलं अक्षर 'क' असलं की मी तिथेच अडतो. आता खिडकीतला माणूस चांगल्या मनाने तीन-चार नावं सुचवतो. मागचे दोघे आणखी दोन सुचवतात. ते मदतच करत असतात, मला कळतं. पण सांगतो, त्या क्षणी मला इतकं एकटं वाटतं की मी कित्येकदा कुणीतरी म्हटलेल्या भलत्याच गावाला मान डोलावलीय. नंतर पुन्हा रांगेत उभा राहून तिकीट बदलून घेतलंय.

एकदा खिडकीत एक बाई होत्या. मी अडलो. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या, जसं कुणाही माणसाकडे बोलणं ऐकताना बघतात तसं. "शांतपणे बोल" नाही, "घाबरू नकोस" नाही, काही नाही. मी पूर्ण बोललो. त्यांनी तिकीट दिलं.

त्यामुळे वर लिहिलंय त्यात एक भर. बाबांच्या वेळी नजर वळवणं बरोबर होतं. माझ्यासारख्याच्या बाबतीत नजर वळवली तर 'याला माझा कंटाळा आला' असं वाटतं. बोलणाऱ्याकडे बघावं, हाताने धडपडणाऱ्याकडे बघू नये. मला तरी असं वाटतं.

पाणवठा

शब्दशोध, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बाबांचं वाक्य मीही पुरं करते. आजपासून नाही करणार. ताईंनीही सांगितलं होतं की आवाज चढवू नका, एका वेळी एकच प्रश्न विचारा, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा विचारला तर उत्तम, आणि मग थांबा. ते 'थांबा' मी सोयीने विसरले होते.

रानफूल

माझं छोटं. सात महिन्यांचं बाळ, दवाखान्यात दीड तास बसलेलो, ते किंचाळून रडतंय. सगळे बघतायत. शेजारच्या आजी फक्त एवढंच म्हणाल्या, "रडू दे गं, त्याला कंटाळा आलाय, आम्हालाही आलाय." मला त्या दिवशी रडूच आवरेना, पण ते सुटल्याचं रडू होतं.

चाकावरून

नकोशी मदत विचारलीत म्हणून लिहिते. नऊ वर्षं व्हीलचेअर वापरतेय.

मागून न विचारता खुर्चीच्या मुठी धरून ढकलायला लागणारी माणसं महिन्यातून दोन-तीन तरी भेटतात. सगळी सज्जन. पण माझे हात तेव्हा चाकांच्या कड्यांवर असतात. अचानक खुर्ची पुढे गेली की बोटं चाकाच्या आऱ्यांत अडकू शकतात, एकदा अंगठा सोलवटलाय. आणि त्याहून वाईट म्हणजे मी कुठे निघाले होते हे त्यांनी विचारलेलंच नसतं. खुर्ची हे माझं अंग आहे असं समजा. चालणाऱ्या माणसाला मागून खांदे धरून कुणी ढकलत नाही ना!

मग काय करावं? समोर यावं आणि विचारावं, "मदत हवीय का? कशी करू?" हे दुसरं वाक्य विसरू नका. कारण मदत कशी हवी ते मलाच माहीत असतं. उतारावर खुर्ची उलटी उतरवायची असते, पायरीवर आधी मागे कलवून पुढची लहान चाकं वर घ्यायची असतात, कुठला दांडा धरला तर तो निसटून हातात येतो, हे सगळं मी दोन वाक्यांत सांगू शकते. मी "नको, जमतंय" म्हणाले तर "बरं" म्हणून जावं. मला वाईट वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

आणि चांगलं? माझ्या रोजच्या वाटेवर पदपथाचा उतार आहे, तिथे हमखास एक दुचाकी उभी असायची. मी रोज वळसा घालून रस्त्यावरून जायचे. एके दिवशी ती तिथे नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या माणसाने मला वळसा घालताना बघितलं असणार. मला तो कोण हे अजून माहीत नाही. त्याने मला काही विचारलं नाही, मी त्याला काही बोलले नाही. या सगळ्या वर्षांत मला मिळालेल्या मदतीत ही सगळ्यात वरची.

काउंटरपलीकडून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मोठ्या दुकानात बिलिंगला उभी असते, आठ तास.

लोक वाईट वागतात असं नाही. बहुतेक लोक वागतच नाहीत. फोन कानाला, वस्तू पट्ट्यावर, कार्ड पुढे, पावती घेतली, गेले. दिवसात शेकडो माणसं येतात आणि एकाच्याही नजरेला नजर मिळत नाही, असे दिवस असतात. संध्याकाळी घरी गेल्यावर मुलगी काही विचारते तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटतो.

एक ताई येतात. त्या फोनवर असल्या तर त्यांचा नंबर यायच्या आधी फोनवरच्या माणसाला म्हणतात, "एक मिनिट थांब, इथे माणूस आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वस्तू स्कॅन करायची थांबले होते. इथे माणूस आहे. बस, एवढंच.

आणि पाणवठा, तुमच्या बाबांसारखे लोक आमच्याकडे रोज येतात. आम्हालाही त्यांना वेळ द्यावासा वाटतो, पण मिनिटाला किती बिलं झाली ते वर दिसत असतं. मागच्या ग्राहकाने "मला घाई नाही" म्हटलं ना, की ते फक्त पुढच्याला सांगितलेलं नसतं. आमच्याही खांद्यावरचं ओझं उतरतं. आम्हाला हळू व्हायची परवानगी मिळते. सुटे पैसे काचेवर टाकण्याऐवजी हातावर ठेवायचं मी आजपासून लक्षात ठेवीन.

उंबरठा

काउंटरपलीकडून, तुमचा प्रतिसाद वाचून नेदरलँड्समधली एक गोष्ट सांगावीशी वाटली. तिथल्या जम्बो या दुकानांच्या साखळीने २०१९ मध्ये एका दुकानात गप्पांचं काउंटर सुरू केलं. ज्याला घाई नाही आणि दोन शब्द बोलायचेत त्याने त्या रांगेत उभं राहायचं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी सरकारने जी मोहीम काढली होती, तिचा हा भाग. पुढे २०२१ मध्ये त्यांनी अशी २०० काउंटरं करायचं जाहीर केलं. म्हणजे सावकाशीची रांग मुद्दाम आखता येते. तुम्ही म्हणता ती परवानगी वरून दिली तर किती सोपं होईल.

तिसरा जिना

मला फिट येते. औषधांनी आटोक्यात आहे, तरी वर्षातून एखाददा येते. दोन वर्षांपूर्वी वीजबिल भरून बाहेर पडताना पदपथावर आली.

शुद्धीवर आलो तेव्हा मी कुशीवर होतो, डोक्याखाली कुणाची तरी पिशवी होती आणि कमरेवर एक जॅकेट पांघरलेलं होतं. फिटमध्ये कपडे ओले होतात कधी कधी. ज्याला हे माहीत आहे त्यालाच त्या जॅकेटची किंमत कळेल. शेजारी एक बाई मांडी घालून बसल्या होत्या, मनगट डोळ्यांसमोर धरून. मला म्हणाल्या, "तुम्हाला फिट आली होती. तीन मिनिटं चालली. आता संपलीय. तुम्ही रस्त्यावर आहात, मी इथेच आहे." फिटनंतर मला काही वेळ आपण कुठे आहोत तेच समजत नाही. त्यांनी नेमकं तेवढंच सांगितलं. नंतर कळलं की तोंडात चमचा घालायला निघालेल्या एकाला त्यांनीच अडवलं होतं आणि जमलेल्या लोकांना पांगवलं होतं.

इथे बरेच जण वाचतायत म्हणून सांगून ठेवतो. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका, पाणीही नको. आजूबाजूची टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि वेळ मोजा. पाच मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा श्वास नीट चालत नसेल तर रुग्णवाहिका बोलवा.

मी नंतर याबद्दल वाचत गेलो. १९६८ मध्ये लॅतने आणि डार्ली (उंबरठा यांनी लिहिलेले तेच डार्ली) यांनी फिटचंच नाटक करून प्रयोग केला होता. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली मुलं ध्वनियंत्रणेवरून बोलतायत आणि एकाला फिट आल्याचा आवाज येतो. ऐकणारा एकटाच आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चार जण ऐकतायत असं वाटणाऱ्यांतले ३१ टक्के. वाचून अंगावर काटा आला, कारण त्या दिवशी पदपथावर गर्दी होती.

मधली सुट्टी

तिसरा जिना, त्या बाईंना सलाम. पण त्या आकड्यांनी खचून जाऊ नका. २०१९ मध्ये आलेलं दुसरं संशोधन प्रयोगशाळेबाहेरचं आहे. ॲमस्टरडॅम, केपटाऊन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर, या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ खरी भांडणं आणि मारामाऱ्या तपासल्या. दहापैकी नऊ वेळा बघ्यांपैकी निदान एकजण तरी मध्ये पडला होता, आणि बघे जितके जास्त तितकी कुणीतरी पुढे होण्याची शक्यता जास्त. एकेकटा माणूस कचरतो हे खरं असेल, पण एवढ्यांतून कुणीतरी उठतं.

गर्दीत मदत हवी असेल तर "कुणीतरी फोन करा" म्हणू नका. एकाकडे बोट करून म्हणा, "निळा शर्ट, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा आणि मला सांगा." प्रथमोपचाराच्या वर्गात आम्हाला हेच शिकवलं.

ओला रस्ता

थोडं वेगळं. मी एकटी राहते, उशिरा घरी येते. अनोळखी पुरुषाने मदत देऊ केली की पहिली भावना कृतज्ञतेची नसते, भीतीची असते. आवडत नाही, पण आहे. एकदा पावसात माझ्या हातातली कागदी पिशवी फाटून सामान रस्त्यावर पसरलं. एका गृहस्थांनी पाच-सहा पावलांवरून विचारलं, "माझ्याकडे रिकामी पिशवी आहे, ठेवू का इथे?" ती त्यांनी कट्ट्यावर ठेवली आणि चालायला लागले. जवळ आले नाहीत, नाव विचारलं नाही, कुठे राहता विचारलं नाही. ते मागे वळूनही न बघता गेले म्हणून मला ती पिशवी घेता आली.

पाणवठा

ओला रस्ता, अगदी. त्या मुलाने फलक वाचला, दुचाकीवाला न बोलता दुसरीकडे गाडी लावू लागला, या गृहस्थांनी पिशवी ठेवून दिली. तिघांनीही समोरच्याला 'नको' म्हणायला वाट मोकळी ठेवली. मी आत्तापर्यंत मदत म्हणजे जवळ जाणं समजत होते.

काजवा

मला उलटा त्रास आहे, मागायला जमत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बसमध्ये तासभर उभी राहिले, पण "बसू का?" विचारलं नाही. समोरच्याला कशाला अडचणीत टाका!

उंबरठा

काजवा, हे फार जणांचं होतं. २०२२ मध्ये शुआन जाओ आणि निकोलस एपली यांनी हेच तपासलं. बागेत आलेल्यांना अनोळखी माणसाला "आमचा फोटो काढता का?" असं विचारायला लावलं. समोरचा जितका आनंदाने मदत करील असं विचारणाऱ्यांना वाटलं होतं, त्याहून समोरचे जास्त खुशीने तयार झाले. आणि त्यांना जितकी गैरसोय होईल असं वाटलं होतं तितकी झालीच नाही. पुढच्या वेळी विचाराच. बसलेल्याला तुमचा गुडघा दिसत नाही.

काजवा

विचारीन. खरंच.

अनोळखी वाट

एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, इथे सांगतो. चौकात एक दृष्टिहीन बाई पांढरी काठी घेऊन उभ्या होत्या. सिग्नल लागला, मी दंड धरला आणि रस्ता ओलांडून दिला. पलीकडे गेल्यावर त्या म्हणाल्या, "मला ओलांडायचंच नव्हतं. मी बहिणीची वाट बघत होते." माझं तोंड कोरडं पडलं. माफी मागितली, पुन्हा अलीकडे आणून सोडलं, पण तेव्हापासून कुणाला मदत करायचा धीरच होत नाही. पुन्हा चुकेल असं वाटतं.

पांढरी काठी

अनोळखी वाट, तुम्ही परत आणून सोडलंत. बरेच जण तिथेच सोडून जातात. धीर सोडू नका, आम्हाला तुमची गरज पडते. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, जे मला सोयीचं पडतं ते सांगते.

आधी बोला. "नमस्कार, मी तुमच्या उजवीकडे उभा आहे, काही मदत हवीय का?" इतकं. आवाज कुठून येतोय ते आम्हाला कळतं, पण तो आपल्यासाठी आहे की दुसऱ्या कुणासाठी ते कळत नाही. म्हणून हवं तर हाताच्या पाठीला हलकेच स्पर्श करा. मी 'हो' म्हणाले तर माझा हात धरू नका, तुमचा द्या. मी तुमच्या कोपराच्या जरा वर धरते आणि अर्धं पाऊल मागून चालते. तुमचं अंग वर गेलं की पायरी आली, वळलं की वळण आलं, हे मला त्या कोपरातून समजतं. काठीला हात लावू नका, ती माझी नजर आहे. पायरीच्या आधी एकदा थांबा आणि चढायचीय की उतरायचीय तेवढं सांगा. 'इथे', 'तिकडे' म्हणू नका, डावीकडे-उजवीकडे म्हणा. खुर्चीपाशी नेलंत तर खांदे दाबून बसवू नका, माझा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, मी बसते. 'बघा', 'दिसतं का' हे शब्द तोंडातून गेले तर ओशाळू नका, मीही ते रोज वापरते.

आणि जाताना "मी निघतो" असं सांगून जा. रस्त्याच्या आवाजात तुमची पावलं मला ऐकू येत नाहीत, मी तुमच्याशी बोलतच राहते.